पलंग आमचा, ढेकूणही आमचेच

आज जरा नकोशा विषयावर लिहिते आहे. जेवण झालं असेल तरच वाचा.

सध्या आपल्या उज्जैनमध्ये जो तो घर बदलतोय. २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते रुंद करायची कामं निघाली आहेत, जुने वाडे एकेक करून खाली होताहेत, कुणी नानाखेड्याकडे जातंय, कुणी मुलाकडे इंदूरला, कुणी थेट पुण्याला. देवास गेटचे फोटो टाकून सगळे हळवे होतात. मीही होते. पण सामान बांधताना काय करावं, काय करू नये, हे कुणीच लिहीत नाही. आणि त्यातल्या त्यात सामानाबरोबर जे न बोलावता येतं त्याबद्दल तर चकार शब्द नाही. कारण लाज वाटते. माझं म्हणणं एवढंच की ही लाजच सगळ्यात महाग पडते. आम्हाला पडली.

मी लग्न होऊन १९८४ साली सांगलीकडून देवास गेटला आले. मालीपुऱ्याच्या बाजूच्या गल्लीत सासऱ्यांचा वाडा होता, आमचा म्हणजे भाड्याचा, पण तीन पिढ्या राहिलेला. ज्यांनी देवास गेट पाहिलंय त्यांना सांगायला नको. समोर बस स्टँड, स्टेशन पायी पायी, माधव कॉलेजची पोरं, लॉज, धर्मशाळा, पहाटे पाचपासून "इंदौर इंदौर इंदौर" म्हणून ओरडणारे कंडक्टर. माझ्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे लोक झोपतात कधी? महाकाळाच्या दर्शनाला येणारा प्रत्येक नातेवाईक, नातेवाइकाचा शेजारी, शेजाऱ्याचा साडू आमच्याकडेच उतरायचा. बस चुकली, आमच्याकडे. गाडी सहा तास लेट, आमच्याकडे. घरात अकरा गाद्या होत्या आणि त्या कधी एकत्र माळ्यावर गेल्या असं मला आठवत नाही.

आणि जिथे वळकट्या येतात तिथे ढेकूण येतात. यात घाणेरडेपणाचा काही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळलं. ढेकणाला पंख नाहीत, त्याला उडी मारता येत नाही. तो पाहुण्याच्या होल्डॉलमधून, बॅगेच्या शिवणीतून, रेल्वेच्या बाकावरून चालत येतो. घर आरशासारखं लख्ख ठेवा, त्याला फरक पडत नाही. त्याला कचरा नको, माणूस हवा. सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, सांगायचे की पन्नासच्या दशकात मलेरियाची योजना आली, फवारणीवाले पाठीवर पंप घेऊन यायचे आणि भिंतींवर डीडीटी मारून जायचे. मच्छरांचं काय झालं ते सरकार जाणे, पण पहिली काही वर्षं ढेकूण असे नाहीसे झाले की बायका फवारणीवाल्याला चहा पाजायच्या. मग हळूहळू परत आले, आणि आता त्यांना डीडीटीचं काही वाटेना. अण्णा हसून म्हणायचे, "पहिले आले ते अडाणी होते, हे शिकलेले आहेत." त्यानंतर टिक ट्वेंटीची बाटली. प्रत्येक घरात कपाटावर, मुलांचा हात पोचणार नाही अशी. त्या बाटलीच्या सगळ्या गोष्टी ढेकणांच्या नव्हत्या, जुन्या लोकांना माहीत आहे, इथे लिहीत नाही.

असो. २००४ चा सिंहस्थ झाला. एप्रिल-मेच्या त्या महिन्यात आमच्याकडे किती माणसं जेवून-झोपून गेली याचा हिशेब आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भिंतीवर पेन्सिलीने लिहायला घेतला होता, शेवटच्या शाहीस्नानाच्या सुमाराला सोडून दिला. आणि पुढच्याच वर्षी, जून २००५ मध्ये, मालकाने वाडा विकला म्हणून आम्हाला मकान खाली करावं लागलं. यांनी इंदूर रोडच्या बाजूला तळमजल्याचा फ्लॅट घेतला. नवा कोरा. रंगाचा वास येत होता अजून.

आता नीट बघा आम्ही काय काय केलं. मुहूर्त काढला. गुरुजी ठरवले. वास्तुशांत झाली. आग्नेय कोपऱ्यात फरशी काढून वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरली, आणि फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीने ती घाईत अशी बसवली की एका बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली. शेगडीवर दूध उतू घातलं, ते ओट्याच्या फटीत गेलं. शकुनाचं म्हणून कुणी पुसू दिलं नाही. कलशाखालचे तांदूळ आईंनी सव्वा महिना हलवू दिले नाहीत. आठव्या दिवशी त्या फटीतून मुंग्यांची अशी रांग निघाली की वास्तुपुरुषाच्या दर्शनाला सिंहस्थ भरलाय. मी शकुनाच्या विरुद्ध नाही हो. पण दूध उतू गेल्यावर देवाला नमस्कार करून ओटा पुसला तर वास्तुपुरुष रागावतो असं कुठल्या पोथीत आहे ते मला दाखवा.

पण हे किरकोळ. जे मुख्य करायचं ते आम्ही केलंच नाही. रिकामं घर हातात होतं चार दिवस. सामान नव्हतं, माणसं नव्हती, भांडी नव्हती. औषध मारायला, भोकं बुजवायला याहून चांगली वेळ घराच्या आयुष्यात परत येत नाही. सिंकखालचा पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथे मूठभर भोक होतं, बाथरूमच्या मोरीला जाळी नव्हती, एसीसाठी ठेवलेलं भोक उघडं होतं. उंदराच्या पिल्लाला बोटाएवढी जागा पुरते. जुने लोक सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बिळं बुजवायचे, त्यात शहाणपणा होता, नुसतं सिमेंट उंदीर ओलं असतानाच कुरतडतो. हे सगळं मी नंतर, फ्रिज आणि कपाटं हलवून, कंबर मोडून केलं.

आणि खोकी! आम्ही ओळखीच्या किराणा दुकानांतून चाळीसेक खोकी फुकट आणली, केवढा आनंद झाला होता. बिस्किटांची, साबणाची, चहाची. त्या खोक्यांच्या लाटालाटांच्या पुठ्ठ्यात झुरळांची पिल्लं आणि अंड्यांच्या डब्या येतात. ही छोटी तपकिरी झुरळं, मोरीतली मोठी नव्हेत. यांची मादी एका डबीत तीस-चाळीस अंडी घेऊन फिरते. एक आली तरी पुरे. देवास गेटच्या स्वयंपाकघरात मोठी झुरळं होती, ही छोटी जात आम्ही नव्या घरात पहिल्यांदा पाळली. त्यांना ऊब लागते, म्हणून ती फ्रिजच्या मागे मोटरपाशी, मिक्सरच्या बुडाशी, भिंतीवरच्या घड्याळात राहतात. म्हणून सांगते, पुठ्ठा आणायचाच तर नवा आणा, नाहीतर प्लास्टिकचे कॅरेट भाड्याने आणा, कपड्यांना जुन्या चादरींची गाठोडी करा. खोकी रिकामी झाली की त्याच दिवशी घराबाहेर. "पुढे कामाला येतील" म्हणून माळ्यावर टाकू नका. आपण मराठी माणसं खोकं टाकत नाही हे मला माहीत आहे.

लाकडाचं वेगळं. पुष्कळ लोक सांगतात, जुनं कपाट नेऊ नका, वाळवी जाईल. वाळवी ट्रकमध्ये बसून सहसा येत नाही, ती जमिनीतून वर चढते, तिला मातीशी नातं ठेवावं लागतं. आपली माळव्याची काळी माती, उन्हाळ्यात हात हात फाटते, तळमजल्याला तर ती ठरलेली. त्यावर उपाय पाया भरतानाच मातीला औषध देणं हा आहे, त्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. घर घेताना बिल्डरला हे विचारलंय असं मी कुणाकडून ऐकलेलं नाही, वास्तू पूर्वाभिमुख आहे का हे सगळे विचारतात. राहायला गेल्यावर एवढंच हातात असतं की कपाट भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवावं आणि भिंतीवर मातीची रेघ चढताना दिसली की त्याच दिवशी बघावं. मात्र लाकडातून पिठासारखी बारीक पूड गळत असेल तर तो भुंगा, ज्याला इकडे घुन म्हणतात, तो मात्र कपाटाबरोबर येतो. पूड कुठे गळते ते कपाट हलवण्याआधी खाली वर्तमानपत्र घालून दोन दिवस बघा.

आता गव्हाचं सांगते, आणि हे कृपा करून वगळू नका.

आपल्याकडे वर्षाचा गहू एप्रिलमध्ये भरतात. आमचे तीन क्विंटल असायचे, लोकवन आणि थोडा शरबती. आई वाड्याच्या गच्चीवर तो चार दिवस वाळवायच्या, दाताखाली कटकन मोडला पाहिजे, मग एरंडेलाचा हात फिरवून कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचे थर घालून कोठीत. बारा महिने टोका दिसायचा नाही. २००५ ला घर बदलण्याच्या गडबडीत गहू उशिरा घेतला, ऊन द्यायला गच्ची नव्हती, आणि जुलैत पहिल्या झडीबरोबर सोंडकिडे झाले. ओळखीच्या एका दुकानदाराने पुडीत बांधून गोळ्या दिल्या. "कपड़े में बाँध के कोठी में डाल दो, माताजी, साल भर छुट्टी." आईंनी घातल्या. कोठी कुठे होती? फ्लॅटला कोठीची खोली नसते, त्यामुळे त्यांच्याच झोपायच्या खोलीत. पाऊस म्हणून खिडक्या बंद.

दुसऱ्या रात्री आईंना मळमळ, डोकं भणाणलेलं, चक्कर. आम्हाला वाटलं पोहे बाधले. नशीब माझं की आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "घरात धान्याला गोळ्या घातल्यात का?" मी हो म्हटलं तर ते जवळजवळ ओरडलेच. आधी सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, कोठीला हात लावू नका, आईंना लगेच दवाखान्यात घेऊन या. रात्री दोन वाजता आम्ही रिक्षा शोधत होतो. दोन दिवसांनी आई घरी आल्या. सगळीच घरं इतकी नशीबवान नसतात, वर्तमानपत्रात वाचतो आपण.

त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, बोलीत सल्फास. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला टेकू देत राहतात. ते औषध गोदामांसाठी आहे, जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायचं. घरात वापरायला त्याला परवानगी नाही. तरी पुडीत मिळतं. वाड्यात कोठी ओसरीवर असायची, वरून कौलं, चारी बाजूंनी वारा, म्हणून कदाचित कुणाकुणाचं निभावलं असेल. फ्लॅटमध्ये निभावत नाही. "आमच्याकडे वर्षानुवर्षं वापरतात, काही झालं नाही" असं मला कुणी लिहिणार असेल तर मी आधीच उत्तर देते: तुमच्याकडे काही झालं नाही तोवरच तुम्ही हे लिहू शकता. छोट्या घरात गहू थोडा थोडा आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, टोके झाले तर चाळून उन्हात घाला, नाहीतर पक्ष्यांना टाका. तीन क्विंटल गव्हाची किंमत एका माणसाएवढी नसते.

आणि आता ढेकूण. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

नव्या घरात तिसऱ्या आठवड्यात धाकट्या मुलीच्या हातावर गांधी उठल्या, एका ओळीत तीन-चार. मच्छर म्हणून सोडून दिलं. मग गादीच्या शिवणीवर काळे ठिपके दिसले, मग रात्री दिवा लावून पाहिलं तर दिसलाच. नव्या कोऱ्या घरात! कुठून आले? घरात बसून सगळ्यांनी विचार केला आणि दहा मिनिटांत उत्तर सापडलं. बाई.

आमच्याकडे काम करणाऱ्या बाई वाड्यापासून होत्या, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली. देवास गेटहून नव्या घरी यायला त्यांना टेम्पोचे पैसे पडायचे तरी येत होत्या. तर आत्याबाई म्हणाल्या, "त्यांच्या वस्तीतून आले असणार, पदरातून येतात." आई म्हणाल्या, काही दिवस येऊ नका म्हणून सांग. सांगायचं माझ्यावर आलं. मी सांगितलं. कारणही सांगितलं, हे त्याहून वाईट. त्या काही बोलल्या नाहीत. पगार मोजून घेतला, दोनदा मोजला, पूर्वी कधी मोजत नसत. गेल्या.

खरं तर माझ्या डोक्यात तेव्हाच टोचायला हवं होतं. कारण सामान हलवण्याच्या चार दिवस आधी, ओटल्यावर बसून भांडी वर्तमानपत्रात बांधताना, याच बाई मला म्हणाल्या होत्या, "बहूजी, वो बड़ा पलंग खोल के धूप में रखवा दो. उसमें खटमल हैं." आणि मी काय म्हटलं असेल? "आता कुठे खोलत बसता, तसाच जाऊ दे." तो पलंग अण्णांच्या लग्नातला, सागवानी, चार माणसांनी उचलावा लागे. अण्णा १९९९ ला गेले, त्यानंतर आई त्याला कुणाला हात लावू देत नसत. तो आम्ही गोधडीत गुंडाळून, दोऱ्या बांधून, कौतुकाने नेला.

बाई गेल्यावर ढेकूण कमी झाले का? वाढले. दिवाळीच्या साफसफाईला औषध मारणारा मुलगा बोलावला, विशीतला असेल. त्याने गाद्या पाहिल्या, भिंती पाहिल्या, मग पलंगापाशी गुडघ्यावर बसला आणि स्क्रू-ड्रायव्हरने उशाच्या फळीची एक खीळ सैल केली. आत काय होतं ते लिहीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या होत्या. कात टाकलेली सालं, अंडी, सगळं. "आंटी, ये तो पुराने किरायेदार हैं," म्हणाला. मला हसू नाही आलं. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने काढतो, हे तेव्हा त्याच्याकडून कळलं, म्हणजे घर नवं असो, रिकामं असो, पलंगाच्या सांध्यात त्याला काही फरक पडत नाही.

पलंग आम्ही टाकला नाही. अंगणात सुटा सुटा केला, प्रत्येक सांध्यात कढत पाणी ओतलं, वाळवला, औषध मारलं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मारलं, कारण औषध अंड्यांना पोचत नाही आणि अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. एकदा फवारून "झालं" म्हणणारे लोक तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रडतात. नुसतं ऊन दाखवूनही भागत नाही. आपल्या मेच्या उन्हात वरची गादी तापते, आतला कापूस थंडच राहतो. आणि रॉकेल लावून काडी दाखवणारे महाभाग अजून आहेत, त्यांनी निदान शेजाऱ्यांचा विचार करावा. सहा माणसांच्या घरात हे करायला दोन दिवस लागले. वाडा सोडण्याआधी केलं असतं तरी दोनच दिवस लागले असते.

आई त्या दोन दिवसांत काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्यांना बोलावून आण."

मी गेले. त्यांची खोली देवास गेटच्या मागेच होती, वीस वर्षं माझ्या घरापासून चार मिनिटांवर, आणि मी आत पहिल्यांदा जात होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. आणि बसण्याआधी माझी नजर खुर्चीच्या वेताच्या विणीत गेली. लाज वाटते लिहायला, पण गेली. त्यांनी ते पाहिलं. खुर्ची पुसलेली होती, खाटेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, चादर स्वच्छ, भिंतीला चुना. मी सगळं सांगितलं, पलंगाचं, खिळीचं, माझ्या चुकीचं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, मुलींची चौकशी केली. म्हणाल्या, आता फ्रीगंजमध्ये दोन घरं धरली आहेत, सोडता येणार नाहीत.

काही जण म्हणतील, जुनी भानगड, आता कशाला. यासाठी, की गेल्या महिन्यात माझ्या मुलीने इंदूरमध्ये घर बदललं. सामान जायच्या आधी तिने गाद्यांच्या शिवणी टॉर्च लावून पाहिल्या, सोफा उलटा केला, आणि एका कोपऱ्यात तिला ते काळे ठिपके दिसले. मला फोन करून आधी म्हणाली, "आई, कुणाला सांगू नकोस हं." मी म्हटलं, वरच्या मजल्यावर सांग, खालच्या मजल्यावर सांग, टेम्पोवाल्याला सांग म्हणजे तो पुढच्या माणसाचं सामान चढवायच्या आधी टेम्पो धुवून घेईल. तिने सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणे अर्धा मिनिट गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "बरं झालं बाई तू बोललीस, आमच्याकडे फेब्रुवारीपासून आहेत."

अण्णांचा पलंग अजून माझ्या खोलीत आहे. दर एप्रिलमध्ये खिळा सैल करते.